एक मीटरची खुर्ची

नमस्कार श्रोतेहो. कॉम्प्युटर गेमच्या कंपनीत मी टेक्निकल रायटर आहे, असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे गेमची गोष्ट तुम्ही लिहिता का?" नाही. गोष्ट लिहिणारे वेगळे असतात. माझं लिखाण गेम बनवणाऱ्यांसाठी असतं. एखादं टूल कसं वापरायचं, कुठलं सेटिंग बदललं की काय होतं, नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं, हे मी लिहिते.

एक उदाहरण देते. युनिटी आणि गोडो या गेम इंजिनांत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, थ्रीडी गेमसाठी अंतराचं एक एकक म्हणजे एक मीटर. अनरियल या इंजिनात तेच एकक म्हणजे एक सेंटिमीटर. आर्टिस्टने मीटरच्या हिशेबाने बनवलेली एक मीटरची खुर्ची मोजमाप न जुळवता अनरियलमध्ये आणली, तर ती एका सेंटिमीटरची होते. पडद्यावर शोधावी लागते.

सुरुवातीच्या दिवसांत मी एका टूलवर पान लिहिलं होतं. त्यात 'उडीची उंची' असा रकाना होता, समोर आकडा 120. सेंटिमीटर हे प्रोग्रॅमरला माहीत होतं, मलाही माहीत होतं, म्हणून ते लिहायचंच राहिलं. लेव्हल बनवणाऱ्या एका नव्या मुलीचे त्यापायी दोन दिवस वाया गेले. ती स्वतःलाच दोष देत होती, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून एककाशिवाय आकडा मी लिहीत नाही.

प्रोग्रॅमरला विचारलं की तो पुष्कळदा म्हणतो, "त्यात सांगण्यासारखं काय आहे?" मी तिथेच वही उघडते. मग टूल स्वतः चालवते, मुद्दाम शून्य घालते, उणे आकडा घालते, कुठला एरर येतो ते बघते. पान तयार झालं की ते टूल कधीच न पाहिलेल्या माणसाला देते आणि त्याच्या मागे गप्प उभी राहते. तो अडखळला तरी बोलायचं नाही. हे मला अजूनही जड जातं.

या कामात यायचं असेल, तर गोडोपासून सुरुवात करा. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी बनवलेलं हे इंजिन 2014 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. एक पान घ्या, त्यातल्या पायऱ्या जशाच्या तशा करून बघा. जिथे अडाल, तिथलं वाक्य नव्याने लिहून पाठवा. मुलाखतीला येणाऱ्यांकडे मी पदवीच्या आधी असं एखादं पान मागते.