'इतर' या बटणामागे काय दडलंय?

मित्रहो, कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आता सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणाऱ्या, मशीनशेजारी टॅबलेट लटकलेला दिसू लागलाय. मशीन थांबलं की त्यावर कारण निवडायचं: टूल बदल, माल नाही, वीज गेली... आणि सगळ्यात खाली 'इतर'. एका कारखान्यात मी महिन्याभराच्या नोंदी काढल्या. सगळ्यात जास्त दाबलं गेलेलं बटण 'इतर'च होतं. मालक म्हणाले, "पोरं कंटाळा करतात." मला ते पटेना. म्हणून पहिल्या पाळीला मशीनपाशी जाऊन उभा राहिलो.

सुट्टीनंतरचा दिवस होता. पहिले चार-पाच जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकाच्या मापात, बाद झाले. ऑपरेटरनं मशीन थांबवलं, भोक मोजायचा गेज घालून पाहिला, ऑफसेट दिला, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती सांगितली, आणि 'इतर' दाबलं. का रे, म्हटलं. "साहेब, मशीन थंड हाय. तापल्याशिवाय साइज धरत न्हाई." यादीत हे कारणच नव्हतं! आणि तो अगदी बरोबर बोलत होता. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. बॉलस्क्रूचा, म्हणजे मशीनचा सरकणारा भाग हलवणाऱ्या आटेदार दांड्याचा, 300 मिलिमीटरचा भाग 10 अंश तापला की 36 मायक्रॉन झाले, आणि जॉबच्या मापात चालणारा फरक होता 25 मायक्रॉन. ऑफिसातल्या स्क्रीनवर सकाळचा पहिला तास रोज लाल दिसायचा. त्याचं कारण या मुलाला कधीपासून ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

मशीन का थांबलं हे विचारणं तसं जुनंच. साल 1924. जपानात साकिची टोयोडांचा स्वयंचलित माग आला. धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. इचलकरंजीच्या मंडळींना याची किंमत सांगायला नको. एक माणूस अनेक माग सांभाळू लागला, आणि माग का थांबला हे पाहणं हेच त्याचं मुख्य काम झालं. त्याच वर्षी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी पहिला नियंत्रण आलेख काढला. मापात रोजचा चढउतार असतोच. त्यातला नेहमीचा कुठला आणि खास कारणानं आलेला कुठला, हे ओळखायचं ते साधन. आयटीआयमध्ये मशीन चालवायला शिकवतात, सॉफ्टवेअरवाला बटणं दाखवून जातो. हा आलेख वाचायला मात्र ऑपरेटरला क्वचितच कुणी शिकवतं. माझ्या मते सगळ्यात आधी तेच शिकवायला हवं. दहावी झालेल्या मुलाला ते आठवड्यात जमतं, मी शिकवून पाहिलंय.

मग आम्ही चहाच्या सुट्टीत ऑपरेटरांना घेऊन बसलो आणि कारणांची यादी त्यांच्याच शब्दांत नव्यानं लिहिली. 'मशीन थंड', 'चिप अडकली' (म्हणजे कापलेल्या धातूची कात्रण), 'गेज दुसऱ्याकडं'. पाळीआधी स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा मुख्य दांडा, रिकामा फिरवून मशीन तापवायला सुरुवात झाली. 'गेज दुसऱ्याकडं' मात्र मालकांना कळेना. तीन मशीनला मिळून एकच बोअर गेज होता; तो हाती येईपर्यंत मशीन उभं. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी दोन गेज मागवले.