शिडाची वाट पाहणारा इनॉक

श्रोतेहो, नमस्कार.

आल्फ्रेड टेनिसनची ‘इनॉक आर्डन’ ही दीर्घ कथाकविता १८६४ साली आली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडनं ती डोक्यावर घेतली. गोष्ट साधी आहे. एका लहानशा बंदरावरचा खलाशी इनॉक, त्याची बायको ॲनी आणि दोघांचा बालमित्र फिलिप. हलाखीचे दिवस येतात, इनॉक चीनला निघालेल्या जहाजावर चाकरी धरतो. परतताना जहाज फुटतं आणि तो एका निर्जन बेटावर अडकतो.

बेटावर खायला भरपूर आहे. कानांवर आवाजही सतत आहेत: समुद्रपक्ष्यांचा कल्लोळ, खडकांवर फुटणाऱ्या लाटा, झाडांची सळसळ. नाही तो फक्त माणसाचा आवाज. तिथला एक दिवस टेनिसन कसा उभा करतो, ते ऐका. पूर्वेच्या पाण्यावर झळाळी, डोक्यावर झळाळी, पश्चिमेच्या पाण्यावर झळाळी. लागोपाठ तीन ओळी ‘द ब्लेझ’ या शब्दांनीच सुरू होतात. मग चांदण्या, समुद्राची गाज, पुन्हा तांबडं फुटतं, आणि शीड काही दिसत नाही. ‘एकटा’ हा शब्द उच्चारायची गरजच उरत नाही.

अखेर एक जहाज पाण्यासाठी तिथे थांबतं, तेव्हा इनॉकला धड बोलताही येत नाही. नुसता पुटपुटतो. इतकी वर्षं बोलायला कुणी नव्हतं, जीभच जड झालेली. खलाशांचं बोलणं कानावर पडत राहतं, तसतशी ती हळूहळू सुटते.

पण माझ्या मते त्याचं खरं एकटेपण गावात परतल्यावर सुरू होतं. दहाहून जास्त वर्षं वाट पाहून ॲनीनं फिलिपशी लग्न केलेलं असतं. रात्री फिलिपच्या घराच्या मागच्या बाजूला उजेडाचा एक चौकोन दिसतो. दीपस्तंभाच्या झोताकडे ओढला जाऊन पाखरू त्यावर आपटतं, तसा इनॉक तिकडे खेचला जातो. इथे ‘ब्लेझ’ पुन्हा येतो! बेटावरचं ऊन आणि घरातला दिवा यांना कवी एकच शब्द देतो.

आत शेकोटी आहे, फिलिपच्या मांडीशी तान्हं बाळ, शेजारी इनॉकची स्वतःची मोठी झालेली मुलं. हंबरडा फुटला असता तर ते घर त्या क्षणी मोडलं असतं. म्हणून पायाखालची खडी करकरू नये इतक्या हलक्या पावलांनी, भिंत चाचपत तो मागे फिरतो आणि आजाऱ्याच्या खोलीचं दार लोटावं तसं फाटक लावतो. टेनिसनच्याच ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ या दुसऱ्या कवितेतली स्त्री आरशात जगाची नुसती सावली पाहते. तिच्यावर शाप तरी आहे. इनॉकवर तोही नाही. ओळख लपवायची, हे त्यानं स्वतः ठरवलं आहे, आणि म्हणूनच ते वाचताना जीव गलबलतो.

शेवटच्या रात्री समुद्र असा गर्जतो की बंदरातली घरं दणाणतात. इनॉक जागा होतो, उठतो, हात पसरून ओरडतो, ‘शीड! शीड! मी वाचलो!’ आणि कोसळतो.

यानंतर अंत्ययात्रेच्या थाटाच्या दोन ओळी आहेत. मोठ्यानं वाचताना मी त्या सोडून देते.