फ्रिजचं खोकं आणि कापसाची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

जेवणं आटोपली असतील, भांडी आवरता आवरता ऐकत असाल. घरात पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू असेल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. त्याला ऐकायला बोलावू नका, तुम्हीच ऐका.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलं. निवृत्त झाले, तरी बाजाराच्या दिवशी बाया मला थांबवतात आणि एकच गाऱ्हाणं सांगतात. बाई, पोराले कशाचंच काही वाटत नाही. जेवतो का विचारलं, तर 'पाहू'. मामाच्या घरी लग्न आहे, चालतो का, तर 'तुम्ही जा'. बैल आजारी पडला, तर 'मले काय करायचं?' दहावीला चांगले टक्के पडले, बापाने हौसेने पेढे आणले, तर त्या पेढ्यालाही 'ठेव तिथं'. बाई, हे लेकरू दगड कसं झालं?

आज या प्रश्नाकडे मी एका कार्टूनच्या वाटेने जाणार आहे. कार्टून म्हटल्यावर उंदीर-मांजराची पळापळ डोळ्यांपुढे आणू नका. ही एका घराची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एमटीव्ही वाहिनीवर ३ मार्च १९९७ ला 'डारिया' नावाची विनोदी मालिका सुरू झाली. जानेवारी २००२ पर्यंत चालली. पाच पर्वं, ६५ भाग आणि वर दोन लांब चित्रपट. माझा मुलगा पुण्याला असतो. दिवाळीला घरी आला, की रात्री लॅपटॉप लावून वाक्य न् वाक्य मराठीत सांगत त्याने मला ती दाखवली. अशा मालिका आपल्याकडे आल्या तर बहुतेक हिंदीतच येतात. आपल्या वऱ्हाडीत त्या का येऊ नयेत, हे मला कळत नाही. आमच्या पोरांसारखं मोजकं आणि झोंबणारं बोलणं दुसरीकडे मिळायचं नाही.

तर डारिया. चष्मा, हिरवं जाकीट, पायात जड बूट आणि बोलणं एका सुरात. चढ नाही, उतार नाही. चांगली बातमी असो की वाईट, आवाज तोच. पहिल्याच भागात शाळेत एक चाचणी होते आणि तिच्यावर शिक्का बसतो, की या मुलीला स्वतःची काही किंमत वाटत नाही. घरात खळबळ उडते. आई वकील, सदा फोन कानाला. बाप मनाने चांगला, पण त्याच्या स्वतःच्या बापाने त्याला लहानपणी लष्करी शिस्तीच्या शाळेत धाडलं होतं, आणि पन्नाशीकडे झुकला तरी तो राग निवत नाही. धाकटी बहीण नटवी, मैत्रिणींच्या घोळक्यात राहणारी. ती बाहेर सांगते, ही माझी बहीण नाही, नात्यातली कोणीतरी आहे. तीच धाकटी शेवटच्या पर्वात मैत्रिणींसमोर कबूल करते, की ही माझी सख्खी बहीण. तिथे मी डोळ्याला पदर लावला होता.

बाकीचं सोडते, कारण मला एकच भाग सांगायचा आहे. २००१ सालचा, पाचव्या पर्वातला शेवटचा. घरात नवा फ्रिज येतो. फ्रिज ज्यात येतो ते पुठ्ठ्याचं मोठं खोकं अंगणात पडलेलं असतं. ते पाहून या मुलीच्या पोटात कसंतरी होतं. का होतं, ते तिला आधी उमजत नाही. मग हळूहळू आठवतं. ती लहान होती. ही मुलगी कोणात मिसळत नाही, म्हणून शाळेने आईबापाला बोलावलं होतं. त्यावरून रात्री घरात कडाक्याचं भांडण झालं. बाप रागाने घराबाहेर निघून गेला. आणि ती लहान पोर अशाच एका खोक्यात जाऊन बसली होती. भांडण आपल्यापायी झालं, हे तिने तेव्हाच मनाशी धरलं आणि इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

सगळ्या मालिकेत ज्या मुलीला कशाचं काही वाटत नाही असं सगळे म्हणतात, तिला ऐकू आलं होतं. पुन्हा सांगते, तिला सगळं ऐकू आलं होतं.

हा भाग पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ते खोकं मी आमच्या घरात पाहिलं होतं. आमच्याकडे ते पुठ्ठ्याचं नव्हतं. आमच्याकडे ती कापसाची खोली होती.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या अंगाला. धाकटा भाऊ शेती करतो. सगळी कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि त्यात तुरीची तासं. २०२४ ची दिवाळी झाली आणि मी आठ-दहा दिवसांसाठी गेले. वेचणी सुरू होती. तुम्हाला सांगायला नको, त्या दिवसांत आपल्याकडे माणसं छपरीत निजतात आणि समोरच्या खोलीत कापूस राहतो. खिडकीच्या वरपर्यंत भरलेला, पांढरा, दाबून बसवलेला. खोलीतला बल्ब भाऊ काढूनच ठेवतो, ठिणगीचं भय. उंबऱ्याच्या आत बिडी नाही, काडी नाही, उदबत्तीसुद्धा नाही.

भावाची मुलगी तेव्हा अकरावीला. अमरावतीला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करत होती. सुटीला आली होती. ही पोर लहानपणी माझ्या पाठीवरून उतरत नसे. सीतादहीच्या दिवशी वावरात दही-भाताचं बोट सगळ्यात आधी तिला चाटायचं असे. यावेळी पाहते तर कानात वायर, नजर फोनमध्ये. आत्या, कधी आली, बस. वहिनी तिच्या ताटात आवडीचं वांगं वाढायची, ती उचलून बाजूला ठेवायची. वहिनी मला म्हणाली, "पाहा नं बाई, हिले घराचं काही देणंघेणं नाही उरलं. बाप उन्हात मरून राहिला, हिच्या चेहऱ्यावर काही दिसते का?" आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

कापूस विकायचा की ठेवायचा, यावर घरात धुसफुस होती. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. गावात येणारा व्यापारी त्याच्या खालीच मागायचा, पण रोख द्यायचा. सरकारी खरेदीत द्यायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे, नंबर लागला पाहिजे, पैसा खात्यात पडेपर्यंत थांबलं पाहिजे. आणि क्लासचा दुसरा हप्ता त्याच महिन्यात भरायचा.

एका रात्री जेवणं झाल्यावर भडका उडाला. मी छपरीत अंथरुणावर होते.

वहिनी म्हणाली, "इकून टाका नं. हजार-पाचशे कमी आले त येऊ द्या. पोरीचा हप्ता भराचा आहे."

भाऊ म्हणाला, "बोंड अन् बोंड वेचून आणलं, अन् मातीमोल देऊ? काहून देऊ?"

"मंग फी काय तुरीच्या शेंगांनं भरता?"

आणि मग माझा भाऊ बोलू नये ते बोलला. "हे सारं तिच्यापायीच होऊन राहिलं. तालुक्याच्या कॉलेजात शिकली असती त काय बिघडलं असतं?"

घर एकदम गप्प झालं. भावाने काठी घेतली, टॉर्च घेतला आणि डुकरांची राखण करायला जागलीला जातो म्हणून निघून गेला. पायात चप्पल होती की नाही, देव जाणे.

थोड्या वेळाने वहिनी पोरीच्या अंथरुणाशी गेली. अंथरूण रिकामं. न्हाणीत नाही, सांदवाडीत नाही. श्रोतेहो, आपण ज्या मुलखात राहतो तिथे अशा वेळी आईचे पाय कुठे वळतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. वहिनी विहिरीकडे पळाली. मी तिच्या मागे निघाले, तेवढ्यात समोरच्या खोलीतून खोकला ऐकू आला. कापसाची धूळ घशात गेली, की येतो तसा कोरडा खोकला.

आधी वहिनीला हाक मारून सांगितलं, आहे, घरातच आहे. मग खोलीचं दार ढकललं. ढिगाच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून तिने कापूस उकरून खोबण केली होती. एक माणूस मावेल एवढीच. त्यात ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. फोनचा दिवा पालथा ठेवलेला, कापसातून फिकट उजेड येत होता. मी काही न बोलता तिच्या शेजारी बसले. कापूस मऊ असतो हे ज्यांनी त्यात अंग टाकलं नाही ते म्हणतात. पाच मिनिटांत सगळं अंग खाजवायला लागतं. ही पोर रोज दुपारी घरातून कुठे नाहीशी होते, ते मला तेव्हा कळलं. खोबण एका दिवसाची नव्हती, बसून बसून तिच्या पाठीचा आकार त्यात उमटला होता.

तिच्या मांडीवर वही होती. फिजिक्सची. तिने ती मिटली नाही, म्हणून मी पाहिली. मागच्या पानांवर स्केलपट्टीने रकाने आखले होते. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात गावातल्या व्यापाऱ्याचा भाव. तिसऱ्यात तालुक्याच्या बाजाराचा. चौथ्यात घरात किती क्विंटल झाला. आणि शेवटच्या रकान्यात एक वजाबाकी.

"हे कायचं वं?" मी विचारलं.

"काही नाही. टाइमपास."

"अन् हा शेवटचा?"

ती जरा थांबली. "आज सारा कापूस इकला त माह्या फीले किती कमी पडते, थे."

"कवापासून लिहून राहिली?"

"दसऱ्यापासून. होस्टेलवरून फोनवर भाव पाहाची."

पानामागून पान. एक दिवस सुटलेला नव्हता. आणि मग त्याच सपाट आवाजात ती म्हणाली, "आत्या, मी अमरावतीले नाही गेली त हे दोघं भांडनार नाहीत नं?"

मी शिक्षिका. त्या क्षणी मला एकही शब्द सुचला नाही. तिच्या केसांत सरकीचे दाणे अडकले होते, ते एकेक करून काढत बसले. वहिनी दाराशी येऊन उभी राहिली होती. ती आत आली नाही, गेलीही नाही.

इथे थोडं बाजूला जाऊन एक बोलते, कारण हे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. आपल्या जुन्या घरांत बंगई, म्हणजे टांगलेला झोपाळा, असायची. बंगईवर बसलेल्या पोराला कोणी विचारत नसे, काय करतो म्हणून. ते एकटं असे आणि सगळ्यांतही असे. आजी तांदूळ निवडत असे, कोणी येई, कोणी जाई, पोरगं पायाने झोका देत गप्प बसे. आता स्लॅबची घरं झाली, पाहुण्यांसाठी सोफा आला आणि बंगई विकली. बांधकाम काढलं, तर बंगईच्या कड्यांना जागा ठेवा. खर्च फार नाही. लेकराला गप्प बसायला घरात जागा नसेल, तर ते फोनमध्ये बसतं, नाहीतर कापसात बसतं. फोनला किती दोष द्यायचा?

असो. पहाटे भाऊ जागलीवरून आला. मी त्याला गोठ्यातच गाठलं आणि एवढंच सांगितलं, रात्रीचं तिने ऐकलं आहे. सगळं ऐकलं आहे. तो गाईच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग घरात गेला. पोरगी चुलीजवळ चहा घेत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. माझ्या भावाला मी त्याच्या लग्नातही इतकं अवघडलेलं पाहिलं नव्हतं.

"माय," तो म्हणाला, "रातचं भांडण कापसाचं होतं. तुह्यं नव्हतं."

ती म्हणाली, "हो, मालूम आहे." कप विसळला आणि आत गेली.

बस, एवढंच. त्या मालिकेतही खोक्याच्या भागात आईबाप शेवटी मुलीपाशी बसतात आणि तू आमच्यावर ओझं नाहीस, हे तिला तोंडाने सांगतात. ती तिथेही गळ्यात पडून रडत नाही. मुलाने पुढचा भाग लावू का विचारलं, मी नको म्हटलं. मला गोठ्यातला भाऊ दिसत होता. बायांनो, भावांनो, भांडणं होणारच, कापूस घरात आहे तोवर होणार. पण दुसऱ्या दिवशी ते वाक्य लेकराला म्हणून दाखवा. त्याला ठाऊक असेल, तरी म्हणा. उत्तराची वाट पाहू नका, पण म्हणा. 'भांडण तुझ्यामुळे नव्हतं.'

मी परत आल्यावर चार-पाच दिवसांनी भावाचा फोन आला. सरकारी खरेदीत नंबर लागला होता. गाडी भरून निघताना पोरगी आपणहून पुढे येऊन बसली, वही घेऊन. केंद्रावर ओलावा ११ टक्के निघाला, कापूस पास झाला. काट्यावर वजन झालं, तसं तिने आकडा वहीत मांडला, शेवटच्या रकान्यात काहीतरी खोडलं आणि वही मिटून ठेवली. काय लिहिलं ते भावाने विचारलं नाही. हप्त्याला थोडे कमी पडत होते, तेवढे मी पाठवते म्हटलं, तर तो म्हणाला, राहू दे, तुरीवर भागवतो.

परतीच्या वाटेवर ती खिडकीला डोकं लावून बसली होती. कानात पुन्हा वायर. फाट्यावर आलुबोंड्याचं दुकान आहे, कढईतून घाणा निघत होता. भावाने विचारलं, "खाते का काही?"

ती म्हणाली, "पाहू."

आणि भावाने गाडी थांबवली.

नमस्कार.