खेपांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

गेले दोन महिने मुलुंडला आमच्या घरी एक परदेशी मुलगी राहते आहे. मूळची नेदरलँड्सची. खेड्यातलं पिण्याचं पाणी आणि शौचालयं हा तिच्या संशोधनाचा विषय. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं आणि नोकरी सगळी शाळेत गेलेली, त्यामुळे तिच्यासोबत जाऊन दोन्हीकडचं बोलणं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. सकाळची कसारा लोकल, आसनगावला उतरायचं, तिथून जीपने पाड्यावर.

पहिल्या दिवशी तिच्या हातात छापील प्रश्नावली होती. पहिल्याच घरात तिने विचारलं, "पाणी आणायला जाऊन, रांगेत थांबून परत यायला किती मिनिटं लागतात?" हा प्रश्न तिच्या मनचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ जगभरची मोजणी करतात, तिथे चांगल्या स्रोताचं पाणी ३० मिनिटांच्या आत घरी आलं, तर ती मूलभूत सोय धरली जाते. मी प्रश्न मराठीत सांगितला. घरातली बाई हातातली चुंबळ गुंडाळत म्हणाली, "कोणत्या खेपेचं सांगू, बाई? पहाटेची खेप वेगळी, दुपारची वेगळी."

पहाटे चारला गेलं तर रात्रभर झिरपलेलं पाणी मिळतं. सहानंतर विहिरीच्या तळाला नुसता ओलावा. मग एकीने आत उतरायचं, कपारीतून वाटीने पाणी कळशीत भरायचं, वरच्या बाईने दोराने ओढून घ्यायचं. कळशी भरली की पुन्हा पाणी साचायची वाट बघत बसायचं. त्या बसण्याची मिनिटं कोण मोजणार? मुलीने पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाली, आज काही लिहायला नको, नुसतं ऐकू या. त्या क्षणापासून मला तिच्याबद्दल खात्री वाटायला लागली.

त्या घराच्या दारात नळ होता, बरं का. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ला झाली, प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्यातलं उद्दिष्ट. प्रश्नावलीत "घरी नळ आहे का" याला "हो" लिहिता आलं असतं. पण त्या नळाला होळीपासून थेंब नव्हता. तोटीला चिंधी बांधून ठेवली होती, मातीचा किडा आत जाऊ नये म्हणून. ती चिंधी मला अजून दिसते. पाणी येईल ही आशा सोडली असती, तर बाईने चिंधी बांधली नसती.

आम्ही तिथेच हिशेब केला. घरात सहा माणसं. ५५च्या हिशेबाने रोज ३३० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे बावीस हंडे. ती बाई दिवसाला सहा हंडे आणते.

परसात शौचालयही होतं. आत लाकूडफाटा रचलेला. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, लोकांना सवयच नाही, प्रबोधन करा. संत गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात स्वच्छता सांगावी लागते असं नाही हो. एकदा शौचालय वापरलं की ओतायला दोन-तीन लिटर पाणी लागतं. सहा माणसांचं मिळून रोजचा एक हंडा तरी जादा. तो हंडा कोणाच्या डोक्यावरून येणार, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. म्हणून तीच शौचालयाला कुलूप लावते आणि तीच अंधारात ओढ्याकडे जाते. हे तिने सासऱ्यांसमोर सांगितलं नाही. विहिरीच्या काठावर, आम्ही तिघीच असताना सांगितलं. "शौचालय" हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही, "बाहेर जाणं" म्हणाली. मुलीने हा शब्द आपल्या वहीत देवनागरीत लिहून घेतला.

मुंबईकर श्रोत्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. तानसा आणि भातसा ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईला येतं. मुलुंडला मी सकाळी नळ सोडते ते पाणी याच डोंगरांतलं. पाऊस इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. पण खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर, उतार तीव्र. पाणी मुरत नाही, धावत सुटतं. आपण ते धरणात अडवलं, पाड्यांच्या वाट्याला फेब्रुवारीनंतर टँकर आला. मुलीला नकाशावर हे समजावताना माझा आवाज बसला होता.

परत निघताना एका आजीने तिचा हात धरून मला विचारलं, "ही लिहून नेते, मग पाणी कधी येतं?" सर्व्हेवाले तिथे याआधीही येऊन गेलेत. मी मुलीकडे पाहिलं. तिने खोटं आश्वासन दिलं नाही. म्हणाली, "पाणी आणणं माझ्या हातात नाही. पण जे लिहीन ते मराठीत करून आधी तुम्हाला वाचून दाखवीन, चुकलं असेल तर तुम्ही सांगा." आजीने मान हलवली आणि आम्हाला गुळाचा खडा दिला. पाणी नाही दिलं. आम्हीही मागितलं नाही.

मिनिटांचा प्रश्न तुलनेसाठी लागतो, म्हणून तिने तो ठेवला आहे. त्याखाली माझ्याकडून मराठीत आणखी दोन लिहून घेतले: दिवसाला किती खेपा होतात, आणि रात्री विहिरीवर कोण थांबतं. दुसऱ्याचं उत्तर दिवसा जाऊन मिळणार नाही. म्हणून येत्या शनिवारी आम्ही संध्याकाळच्या गाडीने निघतोय. त्या बाईने विहिरीजवळ आम्हा दोघींसाठी घोंगडी अंथरते म्हणून सांगितलंय. प्यायचं पाणी आम्ही मुलुंडहून भरून नेणार आहोत.