ओल्या कपड्याचं खरं मानू नका

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘कपड्यांवरचे जुने तेलकट डाग कसे काढावेत’. मागच्या रांगेत दोघांनी वह्या काढल्या आहेत, ते बघून मला जरा धास्तीच वाटली. कृती सांगणार आहे, पण आधी हा शर्ट बघा. फिकट निळा, सुती, आणि खिशाखाली अंगठ्याएवढा डाग. आता माझ्या घशासाठी ठेवलेलं हे पाणी मी डागावर ओततो. ताई, तुम्ही पुढेच बसला आहात, सांगा बरं, डाग कुठाय? नाही ना दिसत? असू द्या. या खुर्चीवर पंख्याखाली टाकतो. आपलं बोलणं होईतो वाळेल.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि घरातल्यांना ते पाठ झाल्यामुळे आता तुम्हाला ऐकवतोय: तेलाचा डाग पक्का करतो तो आपणच, कपडा ओला असताना निकाल देऊन.

कापसाच्या धाग्यांमध्ये हवा असते. प्रकाश धाग्यातून हवेत, हवेतून धाग्यात असा आपटत, विखरत बाहेर येतो, म्हणून कोरडं कापड उजळ दिसतं. तेल त्या हवेची जागा घेतं. प्रकाश वाकवायची तेलाची ताकद, म्हणजे अपवर्तनांक, १.४७ च्या आसपास, कापसाचा दीडच्या थोडा वर. दोघं इतके जवळचे की प्रकाश फारसा विखरत नाही आणि तेवढा भाग गडद दिसतो. पाण्याचा आकडा १.३३. तेही हवेला हुसकून लावतं, मग सगळाच शर्ट गडद होतो आणि डाग गर्दीत मिसळून जातो. चोर पळालेला नाही, फक्त सगळ्यांनी त्याच्यासारखे कपडे घातलेत.

आता या शर्टाची हकीकत. थोडी लांबेल, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं. एका रविवारी मी जुन्या टेबलाला जवसाचं तेल लावत होतो. नेमकं जवसाचं! ते हवेत वाळून कडक होतं, म्हणूनच तर चित्रकार ते रंगात घालतात. एक थेंब उडाला. शर्ट लगेच धुतला, बघितला, स्वच्छ. दुसऱ्या दिवशी एका समारंभाला पाहुणा म्हणून जायचं होतं आणि शर्ट पुरता वाळला नव्हता. मी दमट शर्टावरच सुती कापडाची कडक इस्त्री फिरवली. इस्त्रीच्या चकतीवरच्या ‘सुती’ खुणेवर ती २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. वाफ निघाली, घड्या छान बसल्या, मी ऐटीत निघालो.

भाषण सुरू झालं आणि शर्ट अंगावर वाळत गेला. समोरच्या रांगेतले लोक माझ्या तोंडाकडे बघायचे सोडून खिशाकडे बघायला लागले. मला वाटलं, पेन गळतंय. पेन काढून बघितलं, परत ठेवलं. पाच मिनिटांनी पुन्हा काढलं. आभार मानणाऱ्या गृहस्थांनी ‘पाहुण्यांनी हृदयापासून बोलून आपली छाप सोडली’ असं म्हटलं तेव्हा हशा का झाला, ते मला घरी आरशासमोर कळलं.

मग घासाघीस. ब्रश घेतला, साबण घेतला, सूड उगवल्यासारखा घासला. सुताची लव उभी राहिली, ती अजून बोटाला लागते. पुढे लॉन्ड्रीत दिला. तिथून तो कडक इस्त्री होऊन परत आला, सोबत चिठ्ठी: ‘डाग जुना आहे.’ अहो, जुना आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून तर दिला! आणि वर पुन्हा इस्त्री? बरणीचं झाकण निघत नाही म्हणून ते आणखी आवळून परत करण्यातला प्रकार.

कारण उष्णतेने होतं काय, तर वनस्पती तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना गाठी मारतात. तेल आधी खवट, मग मेणचट, मग पिवळट पापुद्रा. त्यावर नुसतं पाणी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. यंत्राच्या ग्रीसचं वेगळं. ते असं वाळत नाही, पण त्यातली काळी धातूची भुकटी धाग्यांत रुतते. गंमत म्हणजे ग्रीसमध्ये मुळात साबणच असतो, बहुधा लिथियमचा, पण पाण्यात न विरघळणारा. घरात साबण असून उपयोग नाही, असली तऱ्हा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं... नाही, पाच म्हणतायत. वह्यावाल्यांनो, लिहा पटापट.

कपडा कोरडा घ्या. डाग खाली करून जुन्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि उलट्या बाजूने थोडं टर्पेंटाइन कडेकडून मध्याकडे टिपत या. काट्याने काटा काढायचा. चोळू नका, फडकं सरकवत राहा, डाग त्यात उतरतो. आधी शिवणीच्या आत रंग जातो का बघा. खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नको, आणि वास पुरता उडाल्याशिवाय कपडा मशीनमध्ये नाही. ड्रायक्लीनिंगचा पर्क नावाचा द्रव आहे ना, तो १८२१ साली फॅरेडेने पहिल्यांदा बनवला, विजेवाल्या फॅरेडेनेच, पण... जाऊ द्या, वेळ नाही.

मग भांडी घासायचा द्रव साबण, पाणी न घालता, बोटाने हलके जिरवून अर्धा तास. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. खाद्यतेल असेल तर लायपेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, असलेली धुण्याची पावडर कोमट पाण्यात घालून भिजवा. ते चरबी तोडतं. ग्रीसवर त्याचा उपयोग नाही. ब्लीच नको, ते रंग घालवतं, तेल नाही. रेशीम, लोकर जाणकाराकडे द्या आणि डाग कशाचा ते सांगा. कपड्याच्या आत शिवलेली धुण्याच्या खुणांची पट्टी परवानगी देईल तितक्या गरम पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, उजेडात तिरपा धरून बघा. दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. तीन-चार खेपा लागतात. तोवर इस्त्री नाही, ड्रायर नाही. आणि तेल पुसलेली फडकी बोळा करून टाकू नका, जवसाची तर मुळीच नाही. आतल्या आत तापून ती आपोआप पेट घेऊ शकतात.

घंटा झाली. तुमचा प्रश्न दिसतोय मला, की इतकं कळतं तर स्वतःचा डाग का नाही काढला? काढला असता तर आज काय दाखवलं असतं? ताई, जरा खुर्चीवरचा तो शर्ट उचला. वाळला असेल. खिशाखाली बघा.