बरणीतलं मीठ आणि आकाशातला धूर

नमस्कार श्रोतेहो. मृग लागला की स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरायला लागते. मग आपण तिच्यात चार दाणे तांदळाचे टाकतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ वाफ ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. ढगातही हेच चालतं. कोकणात हर्णैच्या खडकावर लाट आपटते, फेसाचे बुडबुडे फुटतात, तुषार सुकतात आणि मिठाचे डोळ्यांना न दिसणारे कण खाऱ्या वाऱ्यावर चढतात. आपल्या खिडक्यांचे गज खातं ते हेच मीठ. ढगातला थेंब धरतो तो अशाच एखाद्या कणाभोवती. नुसत्या वाफेला ते जमत नाही.

हवेत तरंगणाऱ्या या कणांना एरोसोल म्हणतात. मीठ त्यातलं साधंभोळं. खरी भानगड धुराची. कोळसा, डिझेल जळलं की गंधकाचा वायू सुटतो, हवेत त्याचं गंधकाम्ल होतं आणि त्यातून सल्फेटचे कण. ते ऊन परतवतात. काजळी मात्र ऊन पिते आणि हवा तापवते. चुलीचा, वीटभट्टीचा आणि पेरणीआधी पालापाचोळा जाळून शेत भाजतो त्या आपल्या भाजावळीचा धूरही यात आला. रागावू नका, राब आमच्याकडेही भाजतात.

थंडीत वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात आणि देशभरचा धूर घेऊन जातात. १९९९ साली वीरभद्रन रामनाथन, पॉल क्रुत्झन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी विमानं, जहाजं नेऊन हिंदी महासागरावरची हवा तपासली, तेव्हा तिथे तपकिरी धुरकं पसरलेलं सापडलं. माघात संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहा. सूर्य पाण्याला टेकतच नाही. चार बोटं वर असतानाच कुंकवाच्या टिकलीएवढा होतो आणि विरून जातो.

धुरक्याखाली समुद्राला ऊन कमी मिळतं, वाफ कमी होते. मोसमी पावसाचा जोर त्याने घटतो, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. दुसरीकडे, जगाची तापमानवाढ या कणांनी जवळजवळ अर्ध्या अंशाने झाकून ठेवली आहे. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. हवा सुधारली, पण जहाजांच्या धुराने त्यांच्या मागे ढगांत उमटणाऱ्या पांढऱ्या रेघाही विरळ झाल्या आणि तेवढं ऊन पाण्यात शिरलं.

म्हणून धूर राखायचा का? छे! तो आधी आपल्या छातीत जातो. शिवाय त्याचं पांघरूण आठवड्याभराचं, आणि कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं मुक्कामाला. पाऊस पडला की थेंबांबरोबर कणही खाली येतात. पहिली मोठी सर ओसरल्यावर हर्णैच्या बंदरातून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला हाताशी आल्यासारखा दिसतो, तो त्यामुळेच.