जो खटला चाललाच नाही: अँगस मॅकमिलन आणि गिप्सलँड

नमस्कार मंडळी. आपल्यापैकी बरेच जण डिसेंबरच्या सुट्टीत मेलबर्नहून लेक्स एन्ट्रन्सला जातात. ट्रॅराल्गन मागे पडले, सेल आले, मग स्ट्रॅटफर्ड, मग बेर्न्सडेल. दोन्ही बाजूंना कुरणे आणि चरणाऱ्या गाई. गिप्सलँड म्हणतात तो हाच भाग. इथे ठिकठिकाणी दगडी स्मारके उभी आहेत. त्यांवर लिहिलेले असते की अमुक साली अँगस मॅकमिलन हा शोधक इथून गेला. आज मी या मॅकमिलनबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात त्याच्यापासून करत नाही. ज्या खटल्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, त्या खटल्यापासून करतो. कारण तो खटला समजून घेतल्याशिवाय गिप्सलँडमधल्या शांततेचा अर्थ लागत नाही.

10 जून 1838. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला मायल क्रीक नावाचे गुरांचे ठाणे होते. मालक हेन्री डांगर. ठाण्याजवळ विरायराय या आदिवासी लोकांचा एक गट काही आठवडे मुक्कामाला होता, त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. बारा घोडेस्वार आले, त्यांनी या लोकांना एका दोरीला बांधले, थोड्या अंतरावर नेले आणि किमान 28 जणांना तलवारींनी कापून काढले. नंतर प्रेते जाळली. त्या काळात अशा गोष्टी घडत नव्हत्या असे मुळीच नाही. वेगळे घडले ते पुढे. ठाण्याचा व्यवस्थापक विल्यम हॉब्स परत आला, त्याने अवशेष पाहिले आणि सरकारला कळवले. सिडनीत जॉर्ज गिप्स हा नवा गव्हर्नर त्याच वर्षी आला होता. त्याने चौकशी लावली. अकरा जणांवर खटला भरला गेला आणि ज्यूरीने त्यांना चटकन निर्दोष सोडून दिले. महाधिवक्ता जॉन प्लंकेट मात्र हटला नाही. त्याने त्यांतल्या सात जणांवर दुसऱ्यांदा खटला उभा केला, आणि 18 डिसेंबर 1838 रोजी ते सातही जण सिडनीत फासावर गेले.

हे सातही जण कैदी म्हणून या देशात आणलेले होते. टोळीतला बारावा माणूस, जॉन फ्लेमिंग, स्वतंत्र जमीनदार घराण्यातला. तो पळाला, त्याच्यावर कधीच खटला चालला नाही. हॉब्सला डांगरने नोकरीवरून काढले. जमीनदारांनी आरोपींच्या बचावासाठी पैसा उभा केला होता. आदिवासींना मारले म्हणून गोऱ्या माणसांना फाशी, हे वसाहतीतल्या बहुसंख्यांना पचलेच नाही.

आता प्रश्न असा की या फाशीने काय झाले? हत्या थांबल्या का? नाही. थांबले ते बोलणे. पत्रांतून, रोजनिशीतून, सरकारी अहवालांतून हत्यांचे उल्लेख नाहीसे होऊ लागले. कायद्याने एकदाच दात दाखवले आणि त्यातून सरहद्दीवरचे लोक शिकले ते एवढेच, की साक्षीदार ठेवायचा नाही.

याच 1838 सालच्या जानेवारीत मॅकमिलन सिडनीला उतरला होता. वय सत्तावीस. जन्म स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा, मातृभाषा गेलिक, धर्माने कडवा प्रेस्बिटेरियन. जहाजावर लिहिलेल्या त्याच्या रोजनिशीत आपण कसे सदाचाराने वागले पाहिजे याचे संकल्प आहेत. त्याच्या मुलखात त्या काळात मोठे जमीनदार मेंढ्यांसाठी खोरीच्या खोरी रिकामी करत होते. कुळांना घरातून काढायचे, घराला आग लावायची आणि तिथे मेंढ्या सोडायच्या. हजारो गेलिकभाषक देशोधडीला लागले. ज्यांनी हे सोसले त्यांतलेच काही इथे येऊन दुसऱ्यांना देशोधडीला लावतात, यावर लिहिणाऱ्यांनी बरेच लिहिले आहे. मला स्वतःला त्या विरोधाभासाचे फारसे नवल वाटत नाही. ज्याने जमीन कशी रिकामी करतात हे जवळून पाहिलेले असते, त्याला ते काम येत असते.

मॅकमिलनला नोकरी मिळाली कॅप्टन लॅकलन मॅकालिस्टर याच्याकडे. हाही स्कॉटिश, पूर्वी घोडेस्वार पोलिसांत अधिकारी. त्याची गुरे मनारो पठारावर होती आणि त्या वर्षांत दुष्काळ पडला होता. इथे जमिनीचा व्यवहार कसा चाले ते सांगितले पाहिजे. 1829 मध्ये सरकारने एकोणीस काउंटींची, म्हणजे जिल्ह्यांची, हद्द आखली आणि तिच्या पलीकडे वस्ती करायची नाही असे ठरवले. पण गुरांना हद्द कोण शिकवणार? लोक कळप घेऊन पलीकडे गेले आणि बसले. त्यांना स्क्वॉटर म्हणत. 1836 मध्ये सरकारने हार मानली आणि वर्षाला दहा पौंड भरले की परवाना, अशी सोय केली. दहा पौंडांत तुम्हाला हवी तेवढी जमीन वापरता येई. मर्यादा एकच, ती तुम्हाला राखता आली पाहिजे. शेजाऱ्यापासून, आणि ज्यांची ती होती त्यांच्यापासून. हे दुसरे राखणे परवान्यावर कुठे लिहिलेले नव्हते. पण सगळा धंदा त्यावरच उभा होता.

1839 च्या मे महिन्यात मॅकमिलन नव्या कुरणांच्या शोधात दक्षिणेला निघाला. बरोबर जिमी गिबर नावाचा मनारोचा आदिवासी वाटाड्या. एका डोंगरावरून त्यांना खाली तळी, सपाट मैदान आणि पलीकडे समुद्र दिसला. मॅकमिलनने या प्रदेशाला ‘कॅलिडोनिया ऑस्ट्रेलिस’, म्हणजे दक्षिणेतले स्कॉटलंड, असे नाव दिले. ते टिकले नाही. 1840 मध्ये पोलिश शोधक स्ट्रझेलेकी त्याच मुलखातून गेला, त्यालाही चार्ली टारा या आदिवासी वाटाड्याने पार नेले, आणि त्याने गव्हर्नरच्या नावावरून प्रदेशाला गिप्सलँड म्हटले. ज्या गव्हर्नरने मायल क्रीकच्या मारेकऱ्यांना फासावर चढवले, त्याचे नाव या मुलखाला लागले. या मुलखात पुढे जे झाले त्यासाठी कोणीही फासावर गेले नाही.

मॅकमिलनला जो ‘रिकामा’ प्रदेश दिसला तो गुनाइकुर्नाई लोकांचा होता. त्यांचे पाच गट. सेल आणि एव्हन नदीच्या बाजूला ब्रायकौलुंग, दक्षिण किनाऱ्याला ब्रातौलुंग, आणि तळ्यांच्या काठाने, डोंगरांत, पूर्वेला उरलेले तीन. तळ्यांत झाडाच्या सालीच्या होड्या चालत, मासे, ईल, काळे हंस, कांगारू, जमिनीतले कंद, कशालाच तोटा नव्हता. स्ट्रॅटफर्डला नदीकाठी ‘द नॉब’ नावाची टेकडी आहे. तिथल्या खडकावर दगडी कुऱ्हाडी घासून घासून पडलेले खोल खाचे आजही दिसतात. सुट्टीत जाल तेव्हा जरूर थांबा, सहसा कोणी थांबत नाही. हीच एव्हन नदी. तिला हे नाव मॅकमिलनने दिले आणि तिच्याच काठी पुढे त्याने स्वतःसाठी ‘बुशी पार्क’ हे ठाणे वसवले.

वसवले म्हणजे कसे? 1840 च्या अखेरीस मॅकालिस्टरसाठी त्याने नन्टिन इथे पहिला तळ टाकला, तेव्हा गुनाइकुर्नाईंनी त्याला हुसकून लावले. तो जास्त माणसे आणि बंदुका घेऊन परतला. एव्हनला पेरी नदी मिळते तिथल्या जागेला त्यानंतर बोनी पॉइंट, म्हणजे हाडांची जागा, हे नाव पडले ते आजतागायत आहे. 1841 मध्ये तो पोर्ट अल्बर्टच्या किनाऱ्यापर्यंत वाट काढत पोहोचला आणि मग सगळेच बदलले. बंदर मिळाले म्हणजे गुरे जहाजात चढवून टास्मानियाला विकता येऊ लागली. स्क्वॉटर भराभर आले, त्यांत स्कॉटिश मंडळी पुष्कळ. गुरांनी पाणवठे तुडवले, कांगारू हटले. गुनाइकुर्नाई गुरांवर भाले टाकू लागले, कधी गुराख्यांवरही. त्याचे उत्तर बंदुकीने मिळे आणि ते कोणी मोजत नसे.

1843 च्या मध्यास पोर्ट अल्बर्टजवळ रोनाल्ड मॅकालिस्टर मारला गेला. हा कॅप्टनचा पुतण्या. स्क्वॉटर आणि त्यांची माणसे जमली. स्वतःला ‘हायलँड ब्रिगेड’ म्हणवणारी ही घोडेस्वारांची टोळी वॉरिगल क्रीकवर गेली. तिथे एका पाणवठ्याभोवती ब्रातौलुंग लोकांचा तळ होता. टोळीने तो घेरला आणि गोळ्या घातल्या. काहींनी पाण्यात उड्या टाकल्या, श्वासासाठी डोके वर आले की गोळी. एका मुलाच्या डोळ्याला छर्रा लागला होता, त्याला जिवंत पकडले आणि पुढचे तळ दाखवायला लावले. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात.

या हत्याकांडाचा पंचनामा नाही, फिर्याद नाही, साक्ष नाही. हा तपशील आपल्याला कळतो तो 1925 मध्ये, म्हणजे ब्याऐंशी वर्षांनी, ‘गिप्सलँडर’ या टोपणनावाने एका स्थानिक शालेय मासिकात आलेल्या आठवणीतून. टोळीचा म्होरक्या मॅकमिलन होता असे आज अनेक इतिहासकार मानतात. मेलेला माणूस त्याच्या मालकाच्या घरचा, त्या भागात माणसे जमवण्याची ताकद त्याची, आणि आधीच्या चकमकींत तोच पुढे. परिस्थितीजन्य पुरावा आहे, सहीचा कागद नाही. त्याच्या बाजूने बोलणारे नेमके यावरच बोट ठेवतात. मला तो युक्तिवाद लबाडीचा वाटतो. गुन्ह्याची नोंद होऊ नये याची ज्यांनी काळजी घेतली, त्यांनाच नोंद नसल्याचा फायदा द्यायचा?

ही काळजी मुद्दाम घेतली जात होती याला समकालीन साक्ष आहे. हेन्री मेरिक नावाचा तरुण स्क्वॉटर गिप्सलँडमध्येच होता. 1846 मध्ये त्याने इंग्लंडला घरी पत्र लिहिले. इथल्या काळ्या लोकांची जशी चिकाटीने शिकार होते तशी रानातल्या कुठल्या श्वापदाचीही झाली नसेल, पुरुष, बायका, मुले जिथे दिसतील तिथे मारली जातात. मी ठाण्याठाण्यावर याचा निषेध केला, असेही तो म्हणतो. साडेचारशेहून कमी माणसे मारली गेलेली नाहीत याची त्याला खात्री होती. आणि मग तो लिहितो की या गोष्टी अगदी गुप्त ठेवल्या जातात, कारण शिक्षा नक्कीच फाशीची असेल. पाहा, मायल क्रीकनंतर आठ वर्षे झाली आहेत, सिडनी कुठे, गिप्सलँड कुठे, आणि तरी तो दोर सगळ्यांच्या लक्षात आहे. हा मेरिक काही संत नव्हता. आपल्या मेंढ्या मारताना कोणी सापडला तर मी त्याला रानकुत्र्यासारखा गोळी घालीन, हेही त्याच पत्रात आहे. धूर दिसला की तळावर घोडे घालून सरसकट गोळ्या झाडायच्या या रिवाजाला मात्र त्याचा विरोध होता. म्हणूनच मला त्याचा शब्द भरवशाचा वाटतो.

याच काळात मेलबर्नला गिप्सलँडची एक वेगळीच गोष्ट माहीत होती. गुनाइकुर्नाईंनी एका गोऱ्या बाईला पळवून नेले आहे, अशी. या वदंतीचे मूळ मॅकमिलनपाशीच आहे. एका तळावर गोऱ्या बाईचे कपडे आणि इतर सामान सापडल्याचे त्याचे पत्र डिसेंबर 1840 मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रात छापून आले होते. 1846 मध्ये लोकवर्गणीतून तिच्या शोधाला मोहीम निघाली. इंग्रजी आणि गेलिकमध्ये निरोप छापलेले रुमाल जंगलात सोडले गेले. बाई सापडली नाही. एका वृत्तान्ताप्रमाणे सापडली ती फुटलेल्या जहाजाच्या नाकाडावरची लाकडी बाई. पण तोवर या शोधाच्या नावाखाली आणखी माणसे मारली गेली होती, आणि बंगलीन नावाच्या गुनाइकुर्नाई प्रमुखाला ओलीस धरून मेलबर्नजवळ नेले होते. बाई परत कर, मग सोडतो. नसलेली बाई तो आणणार कुठून? 1848 मध्ये तो कैदेतच वारला. जी बाई नव्हतीच तिच्यासाठी वर्गणी जमली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. वॉरिगल क्रीकच्या माणसांसाठी एक ओळ नाही.

मॅकमिलनचे पुढे काय झाले? 1859 मध्ये तो दक्षिण गिप्सलँडचा आमदार झाला, पण वर्षभरातच बाहेर पडला. 1860 मध्ये आदिवासींच्या हितासाठी सरकारने मंडळ नेमले, त्याचा स्थानिक प्रतिनिधी म्हणून ब्लँकेटे आणि पीठ वाटण्याचे काम मॅकमिलनकडे आले. दोन आदिवासी पुरुषांना शेजारी घेऊन बसलेला त्याचा फोटो उपलब्ध आहे. उतारवयात तो या लोकांशी दयाळूपणे वागे असे सांगतात आणि ते खोटे असावे असे मला वाटत नाही. जमीन हातात आल्यावर दया परवडते. पण त्याच्या हातात तीही राहिली नाही. कर्जात बुशी पार्क गेले आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस सरकारसाठी डोंगरात वाटा पाडायचे काम करू लागला. त्या कामात घोडा अंगावर पडून दुखापत झाली आणि मे 1865 मध्ये तो वारला.

वर सांगितलेली दगडी स्मारके 1920 च्या दशकातली. तो 1925 सालचा लेखही त्याच दशकातला. म्हणजे दगड बसवले तेव्हा माहिती नव्हती असे नाही. पाणवठ्याची गोष्ट शाळेतल्या मुलांच्या मासिकात छापून आली होती. 2018 मध्ये मॅकमिलन या लोकसभा मतदारसंघाचे नाव बदलून मोनाश केले गेले. 2020 मध्ये तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेपुढे स्मारके हटवण्याचा प्रस्ताव आला, तो फेटाळला गेला. दुसरीकडे 2010 मध्ये फेडरल कोर्टाने गुनाइकुर्नाईंचा या भूमीवरचा मूळ हक्क मान्य केला. तो हक्क सरकारी जमिनीपुरता. वॉरिगल क्रीकचा पाणवठा आजही खासगी शेतात आहे.

आणि मायल क्रीक? तिथे 2000 साली स्मारक झाले. दर जूनमध्ये तिथे मारल्या गेलेल्यांचे वंशज येतात आणि मारणाऱ्यांचेही वंशज येतात, शेजारी उभे राहतात. हे शक्य झाले कारण तिथे खटला चालला होता. आरोपींची नावे कागदावर आहेत, त्यामुळे आपला खापरपणजोबा त्यांत होता हे शंभर-दीडशे वर्षांनी कोणालाही वाचता आले. गिप्सलँडमध्ये हायलँड ब्रिगेडची हजेरीपटावर नोंद कोणीच केली नाही. तिथल्या जुन्या घराण्यांतल्या माणसाला माफी मागायची इच्छा झाली, तरी आपला पूर्वज त्या दिवशी पाणवठ्यावर होता की नाही हे त्याला कुठल्याही दप्तरात सापडत नाही.